नर्सरी बारापर्यंत, पाळणाघर साडेसहापर्यंत आणि वजावट ४८ हजारांची

पाळणाघराच्या फीवर आयकरात सूट मिळते का, याचं उत्तर एका शब्दात देता येतं: नाही. तरीही २०२४-२५ च्या आमच्या घरच्या हिशेबात त्याच दारातून आलेल्या एका पावतीने ९,९८४ रुपये वाचवले. ते कसे वाचले आणि एवढेच का वाचले, हे लिहून ठेवते आहे. दर जानेवारीत ऑफिसात गुंतवणुकीचे पुरावे मागायला लागले की कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. जेवणाच्या टेबलावर त्याची चार वेगवेगळी उत्तरं मिळतात आणि त्यातली तीन चुकीची असतात.

आधी आमची परिस्थिती सांगते. आम्ही दोघंही नोकरी करतो. मुलगी त्या वर्षी तीन पूर्ण करून चौथ्यात होती. ती जिथे जायची तिथे सकाळी नऊ ते बारा नर्सरी आणि बारापासून संध्याकाळी साडेसहापर्यंत पाळणाघर. जागा एकच, दप्तर एकच आणि सांभाळणाऱ्या मावशीसुद्धा बऱ्याचशा त्याच. नर्सरीचे वर्षाचे ६० हजार, दोन हप्त्यांत. पाळणाघराचे महिन्याला १० हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८००. नर्सरीच्या पावतीवर जीएसटी नव्हता, कारण शालेय आणि पूर्वप्राथमिक शिक्षणाला तो माफ आहे. वर्षाची बेरीज २,०१,६०० रुपये. खरं तर जीएसटीच्या या फरकातच पुढची सगळी गोष्ट सांगितलेली होती, पण बिल बघताना आपण शेवटचा आकडा बघतो आणि पैसे पाठवून मोकळे होतो.

नवरा जुन्या करपद्धतीत होता, मी नवीन. जुनीत वजावटी मिळतात, नवीनमध्ये दर कमी पण बहुतेक वजावटी नाहीत. २०२३-२४ पासून नवीन पद्धत आपोआप लागू होते, जुनी हवी असेल तर तसं सांगावं लागतं. माझा पगार १४ लाख. पीएफ, विमा, आरोग्य विमा हे सगळं धरून आणि मुलीची फीही माझ्याच नावावर टाकून जुन्या पद्धतीत माझा कर १,७७,०६० येत होता, तर नवीन पद्धतीत १,०९,२००. त्यामुळे माझ्या बाजूने प्रश्नच नव्हता. नवऱ्याचं उलट. पगार १३ लाख, पण घरभाड्याची सूट १,८०,०००, दुसऱ्या शहरात आई-वडील राहतात त्या फ्लॅटच्या कर्जावरचं व्याज २ लाख, वर आरोग्य विम्याचे २५ हजार. त्याच्या ८०सी मध्ये, म्हणजे ठराविक बचतीवर आणि खर्चावर वजावट देणाऱ्या आयकर कायद्याच्या कलमात, पीएफ, कर्जाची मुद्दल आणि एलआयसी मिळून लाखभर भरले होते. मर्यादा दीड लाखाची. म्हणजे ५० हजारांची जागा रिकामी होती आणि पाळणाघराच्या पावत्यांचा गठ्ठा आमच्या ड्रॉवरमध्ये पडून होता. घरातली कागदपत्रं माझ्याकडे असतात, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

नवऱ्याच्या कंपनीला फॉर्म १२बीबी, म्हणजे वजावटींची यादी द्यायचा फॉर्म, त्यासोबत पाळणाघराचं वर्षाचं एकत्रित स्टेटमेंट जोडलं. त्यावर एकच ओळ होती, ‘प्रीस्कूल अँड डे-केअर चार्जेस’, आणि पुढे रक्कम. पेरोल बघणाऱ्यांनी ते नामंजूर केलं. फोन लावला तेव्हा तिकडच्या गृहस्थांनी शांतपणे समजावलं, आणि इतकं स्पष्ट मला तोवर कुणीच सांगितलेलं नव्हतं. ते म्हणाले, “मॅडम, कायद्यात शब्द ट्यूशन फी असा आहे. शिकवण्याची फी वेगळी लिहून आणा, मी लगेच घेतो. सांभाळण्याची फी मला घेता येत नाही.”

८०सी मध्ये मुलांच्या शिक्षणाची जी वजावट आहे ती भारतातल्या शाळा, कॉलेज, विद्यापीठ किंवा अन्य शिक्षणसंस्थेत पूर्णवेळ शिक्षणासाठी भरलेल्या ट्यूशन फीची. डेव्हलपमेंट फी, देणगी आणि त्या जातीच्या रकमा त्यातून स्पष्ट वगळल्या आहेत. एका करदात्याला दोन मुलांपुरती ही सवलत मिळते. आई आणि बाप दोघंही करदाते असतील तर दोघांना आपापली दोन-दोन मुलं दाखवता येतात, पण ज्याने जेवढी फी भरली तेवढीच त्याची. ‘पूर्णवेळ शिक्षण’ म्हटल्यावर तीन वर्षांचं मूल कुठे बसतं, असं वाटेल. तर पगारातून कर कापण्याबद्दल आयकर खात्याचं जे परिपत्रक निघतं त्यात लिहिलेलं आहे की प्लेस्कूल, प्री-नर्सरी आणि नर्सरी हे पूर्णवेळ शिक्षणातच धरायचं. या एका वाक्यामुळे नऊ ते बारा हे तीन तास आत आले. बारा ते साडेसहाबद्दल मात्र कायदा अवाक्षर काढत नाही.

म्हणजे मुलगी रंगांची नावं शिकत असेल तर तो खर्च राष्ट्राच्या हिशेबात धरला जातो, आणि तीच मुलगी त्याच खोलीत झोपली असेल तर तो आमचा घरगुती मामला. आता मला नोकरी करता येते ते मुलगी झोपलेली असते त्या वेळामुळे. नुसत्या नर्सरीच्या तीन तासांत ऑफिसला जाऊन परत येणंही होत नाही.

हे मी आमच्या ओळखीच्या सीए ताईंना जरा तावातावाने म्हटलं. त्या हसल्या. म्हणाल्या, “अगं, नोकरदाराला कामासाठी येणारा कुठलाच खर्च वेगळा दाखवता येत नाही. त्या सगळ्यापोटी एक स्टँडर्ड डिडक्शन. रिक्षा त्यातच, इस्त्री त्यातच, आणि पाळणाघरही त्यातच.” जुन्या पद्धतीत ते ५० हजार, नवीनमध्ये २०२४-२५ पासून ७५ हजार. मूल असो वा नसो, आकडा तोच. मग मी विचारलं की व्यवसाय करणाऱ्या बाईला तरी हा खर्च धंद्याचा म्हणून दाखवता येईल का. त्यांनी मान हलवली. खासगी खर्च तो खासगीच. हा वाद जगात इतरत्रही झालेला आहे हे मला नंतर वाचताना कळलं. कॅनडात बेथ साइम्स नावाच्या वकील बाईंनी मुलांना सांभाळणाऱ्या बाईचा पगार हा आपल्या वकिलीचा खर्च आहे असं म्हणत थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं होतं. १९९३ मध्ये त्या हरल्या. पण तिथे निदान नोकरदार पालकांसाठी बालसंगोपनाच्या खर्चाची वेगळी, मर्यादित वजावट कायद्यात आधीपासून होती. ब्रिटनमध्ये पालकांनी त्यासाठीच्या खात्यात ८ पौंड भरले की सरकार २ पौंड घालतं, मुलामागे वर्षाला २,००० पौंडांपर्यंत. आपल्याकडे ८०सी मध्ये पीपीएफ आहे, विमा आहे, पाच वर्षांची मुदतठेव आहे, घरकर्जाची मुद्दल आहे, शेअर बाजाराशी जोडलेले फंडसुद्धा आहेत. पाळणाघर नाही.

पगारात मिळणाऱ्या चिल्ड्रन एज्युकेशन अलाउन्सचं नाव काही जणी घेतात, म्हणून त्याचाही निकाल इथेच लावते. २०२४-२५ मध्ये जुन्या पद्धतीत त्यातले करमुक्त किती होते, तर मुलामागे महिन्याला १०० रुपये, दोन मुलांपर्यंत. हॉस्टेलचा भत्ता असेल तर ३०० रुपये. १०० रुपयांत आमच्या पाळणाघराचे दोन तासही होत नव्हते.

असो. आता पावती फोडून घ्यायची होती. पाळणाघर चालवणाऱ्या मॅडम फार चांगल्या, पण हिशेब सगळा वहीत आणि पावती छापील पुस्तकातली. मी म्हटलं, ट्यूशन फी वेगळी, प्रवेश फी वेगळी, साहित्य आणि उपक्रमांची रक्कम वेगळी, पाळणाघर वेगळं, असं लिहून द्याल का? त्या म्हणाल्या, “देते की. आणि सगळंच ट्यूशन म्हणून लिहिते ना, तुम्हाला बरं पडेल. बाकीच्यांना तसंच देते.”

इथे मी थांबले, आणि खोटं कशाला बोलू, मनात गणित करूनच थांबले. रिकामी जागा होती ५० हजारांची. नर्सरीची खरी ट्यूशन फी ४८ हजार होती, उरलेले १२ हजार साहित्य, गणवेश आणि वार्षिक कार्यक्रमाचे. सगळं ट्यूशन म्हणून लिहिलं असतं तरी जादा फायदा होणार होता २ हजारांच्या वजावटीचा, म्हणजे चारशे-सव्वाचारशे रुपयांचा. पण ज्यांची ८०सी ची जागा लाखभर रिकामी असते त्यांना हा मोह मोठा असतो, आणि तो महागात पडू शकतो. खोटी माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवलं तर वाचवलेल्या कराच्या २०० टक्के दंडाची तरतूद आहे. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने बोगस वजावटी दाखवणाऱ्यांची देशभर तपासणी केली, तेव्हा आमच्या ऑफिसातले काही चेहरे पडले होते. त्यात एक व्यावहारिक मुद्दा आणखी: पाळणाघराच्या बिलावर जीएसटी लावलेला आहे. ज्या रकमेवर जीएसटी आकारला तीच रक्कम शिक्षणाची म्हणून दाखवली, तर आपलीच दोन कागदं आपल्याविरुद्ध बोलतात. मी मॅडमना म्हटलं, आहे तसंच लिहा.

पावती हातात यायला वेळ लागला. पहिल्या पावतीवर मुलीचं नाव होतं पण पैसे कुणी भरले ते नव्हतं, आर्थिक वर्षही नव्हतं. दुसरीवर शिक्का नव्हता. मॅडमना दोष देत नाही, त्यांच्याकडे तीस मुलं. शेवटी मीच एका कागदावर मजकूर टाइप करून नेला: संस्थेचं नाव आणि पत्ता, मुलीचं नाव, वर्ग नर्सरी, आर्थिक वर्ष २०२४-२५, कोणत्या तारखेला किती रक्कम कोणाकडून मिळाली, त्यातली ट्यूशन फी किती, बाकीच्या रकमा कोणत्या, पावती क्रमांक. त्यांनी तो वाचला, वहीशी ताडून पाहिला, सही-शिक्का केला आणि कॉपी ठेवून घेतली. पुढे तोच नमुना त्या सगळ्या पालकांना द्यायला लागल्या. कुणाला करून घ्यायचं असेल तर हा मार्ग सोपा: संस्थेकडे मागत बसण्यापेक्षा मजकूर आपण न्यावा आणि पडताळायला त्यांना द्यावा.

‘कोणाकडून मिळाली’ या रकान्याने सगळ्यात जास्त विचार करायला लावला. नर्सरीचे दोन्ही हप्ते नवऱ्याच्या खात्यातून यूपीआयने गेले होते, पाळणाघराचे महिन्याचे पैसे माझ्या खात्यातून. वाटणी ठरवून केलेली नव्हती, पण ती नेमकी हवी तशी निघाली. उलट असतं, म्हणजे नर्सरीची फी मी भरलेली असती, तर ती वजावट माझी ठरली असती, आणि नवीन पद्धतीत असल्यामुळे मला तिचा काडीचा उपयोग नव्हता. नवरा-बायकोपैकी एकच जण जुन्या पद्धतीत असेल तर शाळेची फी त्याच्याच खात्यातून जाऊ द्यावी, हे वर्षाच्या सुरुवातीला ठरवायचं असतं. आणि हिशेब पैसे भरल्याच्या तारखेचा असतो. मार्चमध्ये पुढच्या वर्षाची फी भरली तर ती याच वर्षात धरली जाते.

तोवर कंपनीची पुरावे घ्यायची मुदत संपून गेली होती. मार्चच्या पगारातून जास्तीचा कर कापला गेला. यात बिघडत काही नाही. कंपनीला न दिलेली ८०सी ची वजावट विवरणपत्र भरताना थेट दाखवता येते. फॉर्म १६ मध्ये, म्हणजे कंपनी देते त्या पगाराच्या आणि कापलेल्या कराच्या दाखल्यात, ती नसल्यामुळे आकडे जुळत नाहीत, म्हणून पावती जपून ठेवायची एवढंच. त्या वर्षीपासून विवरणपत्रात ८०सी च्या प्रत्येक रकमेसमोर पॉलिसी क्रमांक किंवा कागदपत्राचा क्रमांक मागायला लागले. तिथे पावती क्रमांक टाकला. पगारदारांसाठी विवरणपत्राची मुदत त्या वर्षी वाढत वाढत १६ सप्टेंबर २०२५ पर्यंत गेली, आम्ही त्याच्या बऱ्याच आधी भरलं. परतावा आला.

नवऱ्याचा कर ४८ हजारांची वजावट धरून ५३,४५६ रुपये झाला. ती नसती तर ६३,४४० झाला असता. फरक ९,९८४. वर्षाच्या २,०१,६०० रुपयांच्या खर्चापुढे हे शंभरात पाच रुपयेसुद्धा भरत नाहीत. आणि पाळणाघराच्या १,४१,६०० पैकी २१,६०० रुपये सरकारला जीएसटी म्हणून गेलेच होते. म्हणजे एका हाताने दहा हजार सोडले, दुसऱ्या हाताने साडेएकवीस घेतले.

या सगळ्या खटाटोपात मला खरा उपयोग झाला तो कराबाहेरच्या एका गोष्टीचा. सीए ताई बोलता बोलता म्हणाल्या, “तुमच्या कंपनीत पन्नासच्या वर माणसं असतील ना? मग पाळणाघर त्यांनी द्यायचं आहे.” मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये सुधारणा झाली. सव्वीस आठवड्यांच्या रजेची बातमी तेव्हा सगळीकडे झाली, पण कलम ११ए च्या वाट्याला दोन ओळी आल्या. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची, स्वतंत्रपणे किंवा इतरांबरोबर मिळून. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं, विश्रांतीची वेळ त्यातच धरून. आणि हे सगळे लाभ नेमणुकीच्या वेळीच प्रत्येक बाईला लेखी कळवायचे. हे कलम १ जुलै २०१७ पासून लागू झालं; नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पाळणाघराची तरतूद तिथेही आहे. पन्नास हा आकडा सगळ्या कर्मचाऱ्यांचा, फक्त बायकांचा नाही. माझ्या नेमणुकीच्या पत्रात यातलं अक्षरही नव्हतं.

मी एचआरला मेल लिहिला. भांडणाचा सूर टाळला, कलमाचा क्रमांक तेवढा दिला आणि विचारलं की आपल्याकडे याची व्यवस्था काय आहे. उत्तर आलं, “पालकांना महिन्याला २,५०० रुपये देण्याचा विचार करू.” सीए ताईंना दाखवल्यावर त्या म्हणाल्या, घेऊ नकोस असं नाही, पण ते पैसे तुझ्या पगारात येतील आणि त्यावर कर बसेल. तुझी देणी कंपनीने भागवली की ती तुझी मिळकतच धरतात. त्यापेक्षा कंपनीने पाळणाघराशी स्वतः करार करावा, सोय कंपनीची असावी.

हे पटवायला माझ्या एकटीचा मेल पुरला नाही. आम्ही काही जणींनी मिळून सह्या केल्या. त्यात ज्यांना मुलं नाहीत अशाही दोघी होत्या, आणि माझ्या मते त्यांच्या सह्यांनीच काम झालं. काही महिन्यांनी कंपनीने ऑफिसजवळच्या एका पाळणाघराशी करार केला. निम्मं शुल्क कंपनी भरते, निम्मं आम्ही. कंपनीचा वाटा माझ्या फॉर्म १६ मध्ये पगार म्हणून आलेला नाही. महिन्याला पाच-सहा हजारांचा फरक पडला. वर्षभर पावत्यांमागे धावून जे मिळालं तेवढं आता दोन महिन्यांत सुटतं.

नवऱ्याच्या कंपनीत तीसेक माणसं, त्यामुळे तिथे हा प्रश्न उद्भवत नाही.

२०२५-२६ साठी नवऱ्याचा हिशेब पुन्हा मांडला. पगार तोच, वजावटी त्याच धरल्या. जुन्या पद्धतीत कर पुन्हा ५३,४५६. नवीन पद्धतीत मात्र स्लॅब बदलले आहेत आणि १२ लाखांपर्यंत कर शून्यावर येतो. ७५ हजार वजा जाता त्याचं उत्पन्न १२,२५,००० राहतं, म्हणजे मर्यादेच्या वर फक्त २५ हजार. अशा वेळी कर त्या वरच्या रकमेपेक्षा जास्त घेता येत नाही. २५ हजार आणि त्यावर चार टक्के उपकर, मिळून २६ हजार. भाडं, व्याज, विमा, पीएफ आणि नर्सरीची पावती हे सगळं एकत्र जोडूनही जुनी पद्धत २७ हजारांनी महाग पडली. त्यामुळे तोही नवीन पद्धतीत गेला, आणि आमच्या घरात आता ट्यूशन फीच्या वजावटीला गिऱ्हाईक उरलं नाही. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात ८०सी चं कलम १२३ होतं, पण शब्द तिथेही ट्यूशन फी हाच.

कंपनीच्या करारात सध्या फक्त महिला कर्मचाऱ्यांची मुलं घेतली आहेत. कायद्यात दिवसातल्या चार फेऱ्या आईच्या नावाने लिहिल्या आहेत हे खरं, पण पाळणाघर फक्त आयांच्या मुलांसाठी असं तिथे म्हटलेलं नाही. आमच्या टीममधल्या दोघा बापांनी त्यावर बोट ठेवून अर्ज केला आहे. त्यातल्या एकाची बायको बँकेत शाखेवर असते आणि मुलाला आणायला रोज तोच जातो. एचआरचं उत्तर अजून यायचं आहे. आम्ही त्या अर्जावर सह्या केल्या आहेत.